ग्रहांवरचे वजन सांगणारा माणूस : आयझॅक न्यूटन

गणपतीचे दिवस जवळ आले की आपल्या घरांत गूळ, खोबरे आणि तांदळाची पिठी यांची खरेदी सुरू होते. दुकानदार तराजूच्या एका पारड्यात किलोचे वजन ठेवतो, दुसऱ्यात ढेपेचा तुकडा ठेवतो आणि काटा मध्ये आला की गूळ बांधून देतो. यात शंका घेण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. पण हाच गूळ चंद्रावर नेला तर? शाळेतली मुले चटकन सांगतील की तेथे त्याचे वजन सुमारे एक-षष्ठांश भरेल. मग तोच तराजू बरोबर नेला तर? येथे मात्र मोठी माणसेही अडखळतात. तराजू चंद्रावरही एक किलोच दाखवील, कारण गूळ जितका हलका होईल, तितकेच समोरच्या पारड्यातले लोखंडी वजनही हलके होईल. रद्दीवाल्याजवळ असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा नेला, तर मात्र तो सुमारे १६५ ग्रॅम दाखवील.

दोन्ही काटे खरेच सांगतात. तराजू सांगतो ते वस्तुमान, म्हणजे त्या वस्तूत द्रव्य किती आहे ते. ताणकाटा सांगतो ते वजन, म्हणजे पायाखालचा ग्रह त्या वस्तूला किती जोराने ओढतो ते. रोजच्या बोलण्यात आपण दोहोंनाही वजनच म्हणतो आणि पृथ्वीवर राहणाऱ्यांचे त्यामुळे काही अडत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ज्याने स्पष्टपणे मांडले आणि गुरू व शनी या ग्रहांवर वजन किती भरेल याचे गणित आपल्या खोलीत बसून केले, त्या आयझॅक न्यूटनचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. सफरचंदाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ग्रहांवरच्या वजनाचे हे गणित छापल्यावाचूनच राहण्याची वेळ आली होती, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नाही.

न्यूटनचा जन्म इंग्लंडमध्ये, लिंकनशायर परगण्यातील वूल्सथॉर्प या खेड्यात झाला. त्या काळी तेथे जुनी दिनगणना चालू होती. तिच्याप्रमाणे तो दिवस २५ डिसेंबर १६४२, म्हणजे नाताळचा. आजच्या गणनेने ४ जानेवारी १६४३. वडील शेतकरी होते, ते मुलाच्या जन्मापूर्वी तीन महिने वारले. मूल इतके लहान होते की लिटरभराच्या भांड्यात मावले असते, असे न्यूटन स्वतः म्हातारपणी सांगत असे. ते जगेल अशी कोणाला आशा नव्हती. पुढे जगाला वजनाचा अर्थ समजावून देणारा हा माणूस जन्मला तो असा मूठभर.

तो तीन वर्षांचा असताना आई हॅनाने बार्नाबस स्मिथ नावाच्या वयस्क धर्मोपदेशकाशी दुसरे लग्न केले. ती दीड मैलावरच्या गावी नांदायला गेली आणि मुलाला आजीजवळ ठेवले. आई हाकेच्या अंतरावर, पण आपली नाही, अशी सातआठ वर्षे त्या मुलाने काढली. १६५३ मध्ये स्मिथ वारला आणि आई तीन लहान मुलांना घेऊन परत आली. एकोणीस वर्षांचा असताना न्यूटनने आपल्या पापांची एक यादी वहीत लिहिली. आई व सावत्र वडील यांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, अशी कबुली तीत आहे. एकलकोंडेपणा, संशय आणि आपले ते कोणीतरी हिरावून नेईल ही धास्ती जन्मभर त्याच्या स्वभावात राहिली. तिचे मूळ या वर्षांत असावे, असे आम्हांस वाटते.

ग्रँथमच्या शाळेत शिकताना तो एका औषधविक्याच्या घरी राहत असे. तेथे पवनचक्कीची छोटी प्रतिकृती, पाण्याचे घड्याळ, छायायंत्रे असले उद्योग तो करी. आईने त्याला शेती पाहण्यासाठी घरी बोलावले, तेव्हा त्याच्या मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि दंड भरावा लागला. हा मुलगा शेतीच्या कामाचा नाही हे मामाने आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी ओळखले, आईची समजूत घातली, आणि जून १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. आई खाऊनपिऊन सुखी होती, तरी मुलाला तिने हात आखडूनच पैसे दिले. इतर विद्यार्थ्यांची वाढपकामे आणि हरकामे करून शिकणाऱ्या गरीब मुलांच्या वर्गात त्याचे नाव लागले.

१६६५ मध्ये इंग्लंडात प्लेगची साथ आली. विद्यापीठ बंद पडले आणि न्यूटन गावी परतला. मधला थोडा काळ सोडला तर जवळजवळ दोन वर्षे तो वूल्सथॉर्पला होता. सफरचंदाची गोष्ट या काळातली आहे. फळ त्याच्या डोक्यावर पडले नव्हते. पडताना दिसले आणि विचार सुरू झाला, एवढेच त्याने उतारवयात आपल्या मित्रांना सांगितले. फळ जमिनीकडे ओढले जाते. ही ओढ झाडाच्या शेंड्यापाशी संपत नाही, डोंगरमाथ्यावरही संपत नाही. मग ती चंद्रापर्यंत का पोहोचू नये, असा तो विचार होता.

येथे आपल्या वाचकांना भास्कराचार्यांची आठवण होईल आणि ती योग्यच आहे. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढून घेते, हा विचार त्यांनी बाराव्या शतकात सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात मांडला होता. न्यूटनने त्यापुढे दोन गोष्टी केल्या. ही ओढ अंतराबरोबर किती कमी होते याचे माप त्याने सांगितले, आणि फळाला ओढणारे बल व चंद्राला फिरवणारे बल एकच आहे हे गणिताने दाखवले. चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्यांइतका दूर आहे. अंतर साठपट झाले की ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटींनी कमी होते. जमिनीजवळचा दगड पहिल्या एका सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येतो. चंद्र आपल्या सरळ वाटेपासून पृथ्वीकडे तेवढाच झुकतो, पण त्यासाठी त्याला पूर्ण एक मिनिट लागते. गावी असताना केलेल्या पहिल्या हिशेबात आकडे ढोबळमानाने जुळले. न्यूटनने कागद बाजूला ठेवले आणि कोणाला काही सांगितले नाही.

१६६९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो केंब्रिजला गणिताचा प्राध्यापक झाला. आरशाची दुर्बीण केल्यामुळे लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७२ मध्ये त्याला सभासद करून घेतले. त्याच वर्षी त्याने प्रकाशावरचा निबंध पाठवला आणि सोसायटीतले वजनदार शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी त्यावर टीका केली. न्यूटनला ती फार लागली. हळूहळू त्याने बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहारही कमी केला. १६७९ मध्ये आई तापाने आजारी पडली, तेव्हा मात्र तो गावी धावला, रात्ररात्र तिच्या उशाशी बसला. त्या आजारातच ती गेली.

प्रकाशाचा वाद पेटला त्याच १६७२ साली दूर दक्षिण अमेरिकेत एक लहानशी घटना घडली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाँ रिशे या खगोलवेत्त्याला विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे वेध घेण्यासाठी पाठवले होते. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ केयेनला दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा ते वेळेवर आले. लंबकाचा गोळा तोच होता, त्यातले द्रव्य कणभरही कमी झाले नव्हते. मग तो सावकाश का झुलावा? अनेकांनी उष्णतेला दोष दिला. न्यूटनने मात्र यातून मोठा अर्थ काढला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर किंचित फुगलेली आहे, म्हणून विषुववृत्तापाशी वस्तूचे वजन थोडे कमी भरते. वजन ही वस्तूची स्वतःची ठेव नव्हे, ते जागेवर अवलंबून असते, याचा पुरावा याच पृथ्वीवर मिळाला होता. आजच्या मापाने सांगायचे तर ६० किलोच्या माणसाला ध्रुवावरून विषुववृत्तावर आणले, तर ताणकाटा सुमारे ३०० ग्रॅम कमी दाखवील.

ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅले हा तरुण खगोलवेत्ता केंब्रिजला आला. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपण घेतो तोच हा हॅले. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होणाऱ्या ओढीखाली ग्रहाची वाट कशी असेल, हा प्रश्न लंडनमध्ये हूक, रेन आणि हॅले या तिघांनाही सुटला नव्हता. न्यूटनने लगेच सांगितले की ती लंबवर्तुळ असेल आणि आपण ते गणित केव्हाच केले आहे. कागद शोधला तो सापडेना. पुन्हा करून पाठवतो असे त्याने कबूल केले आणि नोव्हेंबरमध्ये नऊ पानांचा निबंध हॅलेच्या हाती पडला. हॅलेने त्याचे मोल ओळखले आणि न्यूटनला ग्रंथ लिहायला लावला. पुढचे दीड वर्ष न्यूटन जेवणखाण विसरून लिहीत होता. ताट तसेच राही आणि वाढलेले आहे याचीही त्याला आठवण नसे, असे त्याच्या लेखनिकाने नमूद केले आहे.

या ग्रंथाची, म्हणजे प्रिन्सिपियाची, पहिलीच व्याख्या वस्तुमानाची आहे. सारी इमारत त्याला या पायावर उभी करायची होती. पण एक शंका उरत होती. सोने, लाकूड, पाणी यांना पृथ्वी त्यांच्या द्रव्याच्या प्रमाणातच ओढते, की एखाद्या पदार्थावर तिचा जास्त जीव आहे? याच्या उत्तरासाठी त्याने लाकडाच्या दोन सारख्या गोल डब्या घेतल्या आणि अकरा फूट लांब दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगल्या. एकीत लाकूड भरले आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचे सोने. दोन्ही एकदम सोडल्या. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू असे एकेक घेऊन पाहिले. प्रत्येक वेळी दोन्ही डब्या कितीतरी वेळ बरोबरीने झुलत राहिल्या. हजारात एका भागाचा फरक असता तरी तो दिसला असता. सोने असो की गहू, एकाच जागी वजन हे वस्तुमानाच्या प्रमाणातच असते, हे यातून ठरले. आपला दुकानदार तराजूवर विसंबतो तो याच जोरावर.

हे एकदा पक्के झाल्यावर ग्रह तोलता येऊ लागले. ग्रहापर्यंत जाण्याची गरज नव्हती. त्याचे चंद्र पुरेसे होते. आपला चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरून २७ दिवसांत पृथ्वीची फेरी करतो. गुरूचा कॅलिस्टो हा चंद्र जवळजवळ पाचपट अंतरावरून १७ दिवसांच्या आतच फेरी पुरी करतो. एवढ्या दूरच्या चंद्राला इतक्या वेगाने फिरवणारा ग्रह किती जोराने ओढत असेल, याचा हिशेब करता येतो. ग्रहाचे वस्तुमान आणि त्याची त्रिज्या कळली की त्याच्या पृष्ठभागावरचे वजनही कळते. ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात न्यूटनने हे मांडले. १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीतले आकडे असे आहेत : एखाद्या वस्तूचे वजन सूर्यावर १०,००० भरले, तर तिचेच वजन गुरूवर ९४३, शनीवर ५२९ आणि पृथ्वीवर ४३५ भरेल. म्हणजे गुरूवर पृथ्वीच्या दुपटीहून थोडे जास्त. आज आपण ते सुमारे अडीचपट मानतो. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर तेव्हा नीट ठाऊक नव्हते, म्हणून फरक पडला. पृथ्वी गुरूपेक्षा सुमारे चौपट घन आहे हा त्याचा निष्कर्ष मात्र आजही खरा आहे. बुध, शुक्र आणि मंगळ यांचे चंद्र तेव्हा कोणी पाहिले नव्हते, म्हणून त्यांच्यावरचे वजन त्याने सांगितले नाही. मंगळाचे दोन चंद्र १८७७ मध्ये सापडले. बुध व शुक्र यांना चंद्रच नाहीत.

हाच तिसरा खंड आपल्या वाचनात न येण्याचा प्रसंग आला होता. १६८६ मध्ये पहिला खंड सोसायटीपुढे आला, तेव्हा वर्गाच्या प्रमाणाची कल्पना मूळ आपली, निदान प्रस्तावनेत आपला उल्लेख व्हावा, असे हूक यांनी म्हटले. न्यूटनचा जुना राग उफाळला. हूक यांचे नाव त्याने ठिकठिकाणी खोडले आणि तिसरा खंड आपण छापणारच नाही असे हॅलेला कळवले. हॅलेने न चिडता, न वाद घालता पत्रे लिहिली, लंडनमध्ये नेमके काय बोलणे झाले ते समजावले आणि त्याला शांत केले. त्यात पैशाची अडचण उभी राहिली. सोसायटीने माशांवरचा एक भव्य ग्रंथ छापण्यात आपली गंगाजळी संपवली होती. तेव्हा प्रिन्सिपियाच्या छपाईचा खर्च हॅलेने स्वतः सोसला, मुद्रिते तपासली, आकृत्या पाहिल्या. सोसायटीने त्याचा पगारसुद्धा त्या मासेपुस्तकाच्या न खपलेल्या प्रतींच्या रूपाने दिला. जुलै १६८७ मध्ये ग्रंथ तिन्ही खंडांसह बाहेर पडला. आज तो न्यूटनचा म्हणून ओळखला जातो आणि तो आहेही त्याचाच. पण हॅलेसारखा माणूस नसता तर गुरूवरचे वजन जगाला आणखी किती वर्षांनी कळले असते कोण जाणे. सार्वजनिक कामे उभी करणाऱ्या आपल्या मंडळांना हॅलेची ओळख विशेष पटेल, असे आम्हांस वाटते.

पुढे न्यूटन लंडनला गेला. १६९६ मध्ये तो सरकारी टांकसाळीचा अधिकारी झाला आणि नंतर तिचा प्रमुख. येथेही काम वजनाचेच होते. लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत. नाण्यावरचा छाप तोच राही, द्रव्य मात्र कमी होई. ही नाणी परत घेऊन नवी पाडण्याचे अवाढव्य काम त्याने कडक शिस्तीने पुरे केले आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांना शोधून फासावरही पोहोचवले. १७०३ मध्ये हूक वारले आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७०५ मध्ये राणी ॲनने त्याला सर हा किताब दिला. कलनशास्त्राचा मान कोणाचा, यावरून जर्मन पंडित लाइब्निट्स यांच्याशी त्याने वर्षानुवर्षे वाद घातला. त्याचा निकाल देणाऱ्या समितीचा अहवालही पडद्याआडून त्यानेच सिद्ध केला. ही त्याची बाजू झाकण्यात अर्थ नाही. त्याने लग्न केले नाही. लंडनचे घर भाची सांभाळत असे. जुन्या गणनेने २० मार्च १७२७ रोजी तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये मोठ्या सन्मानाने त्याचे दफन झाले.

न्यूटनला जे ग्रह तोलता आले नाहीत, त्यांचेही आकडे आज आपल्याजवळ आहेत. पृथ्वीवर ज्याचा काटा ६० किलो दाखवतो, त्याचा ताणकाटा चंद्रावर सुमारे १०, बुधावर व मंगळावर २३, शुक्रावर ५४, शनीवर ६४ आणि गुरूवर दीडशे किलो दाखवील. गुरू व शनी यांना घट्ट जमीन नाही. ते आकडे त्यांच्या ढगांच्या वरच्या थरापाशी धरायचे. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट असूनही दोहोंवर वजन सारखेच भरते, कारण मंगळाची त्रिज्या मोठी आहे आणि त्यावर उभा राहणारा केंद्रापासून अधिक दूर राहतो. शनी पृथ्वीच्या ९५ पट असूनही तेथे वजन फारसे वाढत नाही, तेही याच कारणाने.

या सर्व ठिकाणी त्या माणसाचे वस्तुमान मात्र ६० किलोच राहते. चंद्रावर दहा किलोची ढेप एका हाताने सहज उचलता येईल, पण ती वेगाने अंगावर आली तर येथल्याइतकीच लागेल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातल्या २६ किलोच्या प्रज्ञान या बग्गीचे वजन तेथे येथल्या सव्वाचार किलोइतकेच होते. पण ती हलवायला आणि थांबवायला लागणारा जोर चंद्रावरही २६ किलोच्या हिशेबानेच धरावा लागतो. अंतराळस्थानकात तराजू आणि ताणकाटा दोन्ही निरुपयोगी ठरतात, कारण तेथे सारेच एकत्र पृथ्वीकडे पडत असते. म्हणून अंतराळवीराला स्प्रिंगला जोडलेल्या उपकरणावर बसवून झुलवतात आणि तो किती सावकाश झुलतो त्यावरून त्याचे वस्तुमान काढतात. ही युक्ती ज्या विचारातून आली, तो न्यूटनच्या गव्हाच्या आणि सोन्याच्या डब्यांपाशी सुरू झाला होता.

शाळेत बलाच्या एककाला न्यूटन म्हणतात, हे मुले पाठ करतात. एक किलो गुळाचे पृथ्वीवरचे वजन सुमारे ९.८ न्यूटन. या उत्सवात प्रसादाची तयारी चालू असेल तेव्हा घरातल्या मुलाच्या हाती एकदा तराजू आणि एकदा ताणकाटा द्यावा, आणि चंद्रावर यांतला कोणता काटा काय दाखवील ते विचारावे. उत्तर चुकले तरी हरकत नाही. बुद्धीच्या देवतेपुढे बसून त्याने थोडा वेळ विचार केला, तरी हे चरित्र छापल्याचे आम्हांस समाधान वाटेल.